हौशीरामची लक्षवेधी

पाटसच्या अलीकडं बोरमळा म्हणून एक वस्ती आहे. तिथल्या हौशीराम कोळप्याला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक त्याच्या मिशा आणि दुसरी पाखरी. मिशांबद्दल वस्तीत दुमत होतं, पाखरीबद्दल नव्हतं.

पाखरी म्हणजे त्याची पांढरी घोडी. कोळप्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. हौशीरामचा बाप दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर लादून कोकणाची वाट धरायचा. पुढं कालवा आला, त्याची चारी वस्तीपर्यंत आली, रानाला पाणी मिळालं आणि मेंढरं एकेक करून वाड्यातून गेली. घोडी मात्र हौशीरामनं सोडली नाही. वाहायला बिऱ्हाड उरलं नाही म्हणून त्यानं तिला नवरदेव वाहायला लावलं. पाटसपासून पार शिरूरपर्यंत लग्न ठरलं की आधी कार्यालय बघायचे आणि मग पाखरी. फटाके वाजोत, डीजे छातीत धडधडो, नवरदेव हळदीच्या जागरणानं वर पेंगत असो, पाखरी आपली खाली मान घालून चालायची. आजवर एकही नवरदेव तिनं खाली टाकला नव्हता. "पुढं संसारात पडला तर त्याला घोडी काय करणार?" असं हौशीराम म्हणायचा.

त्या साली तुळशीचं लग्न उरकलं आणि पहिलीच वरात चारीच्या पलीकडच्या मळ्यात ठरली. जागा जवळची, म्हणून टेम्पो न करता हौशीराम पाखरीला चालवतच घेऊन निघाला. तिच्या अंगावर लाल मखमलीची झूल, कपाळावर गोंडे, पायात घुंगरू. स्वतः हौशीराम जरीच्या फेट्यात. घोडीचं दावं त्यानं मनगटाला दोन वेढे देऊन धरलं होतं.

चारीवर एक जुना अरुंद पूल होता. त्याला कधीकाळी कठडा होता असं म्हातारी माणसं सांगायची, पण पाहिलेला कोणी नव्हता. दोघं पुलाच्या मध्यावर आले आणि समोरून कारखान्याला निघालेला उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, वर ऊस डोंगरासारखा आणि गाणं एवढ्या मोठ्यानं, की ड्रायव्हरला स्वतःचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नसावा. हौशीराम कडेला सरकला. अजून सरकला. मग सरकायला जागाच उरली नाही.

चारीला शेतीच्या पाण्याचं आवर्तन चालू होतं, पाणी काठोकाठ. धनगराच्या पोराला डोंगर चढता येतो, पोहायला कोण शिकवणार? हौशीराम एकदा खाली गेला, वर आला, दुसऱ्यांदा वर आला तेव्हा शेजारी पाखरीचं डोकं गोंड्यांसकट पाण्यावर दिसलं. त्यानं शेपूट धरलं. घोडीनं त्याला खालच्या अंगाला धुण्याच्या दगडापर्यंत ओढत नेलं आणि दोघं घुंगरं वाजवत वर आले. तिकडं नवरदेव वाट बघून बघून शेवटी कारखान्याहून रिकाम्या परतलेल्या त्याच ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मांडवात गेला.

आता पाखरी पाण्यात आली कशी, यावर कोळप्यांच्या घरातच दोन पक्ष होते. हौशीरामचं म्हणणं, "तिनं मला बुडताना बघितलं आन् उडी घेतली." त्याची बायको रतनबाई म्हणायची, "आवो, दावं मनगटाला गुंडाळल्यालं. तुम्ही पडला, ती वढली गेली. बिचारीला इचारलं कोणी?"

"तू व्हतीस का तिथं?"

"मी नव्हते म्हणून तर सरळ सांगतीया."

हे भांडण घरातल्या घरात राहिलं असतं. पण पाटसच्या स्टँडवर चहाचं हॉटेल चालवणारे बबनराव एका दैनिकाचे वार्ताहरही होते. तिसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'कठड्याअभावी घोडीसह शेतकरी कालव्यात!' खाली पाखरीचा फोटो, आणि तोही कुठल्याशा वरातीतला, ज्यात तिचे डोळे फ्लॅशमुळं पांढरे झाले होते.

हौशीराम पेपर घेऊन हॉटेलात गेला. "बबनराव, घोडी पडली न्हाई. मी पडलो. ती उतरली."

"अहो आबा, बातमीत 'घोडीसह' असल्याशिवाय वाचतंय कोण? नुसता शेतकरी पडला म्हणून कोण पेपर विकत घेईल?" बबनराव म्हणाले आणि वरून चहा फुकट पाजला.

तो चहा हौशीरामला फार महागात पडला. आठवड्यात पहिला फोन आला. नवऱ्या मुलाच्या मामांचा. "तसं काही नाही हो, पण घोडी पाण्यात पडली म्हणे. आमचा मुलगा एकुलता एक आहे." मग दुसरा, मग तिसरा. दौंडच्या हौसरावांकडं डीजेवर नाचणारा काळा घोडा होता. त्यांनी सगळीकडं सांगायला सुरुवात केली, की एकदा पडलेली घोडी पुन्हा पडते, तिच्या मनात भीती बसते, आणि शिवाय असं जनावर लग्नात बरं नव्हे. ऐन हंगामात पाखरी दावणीला बांधून कडबा खात उभी राहिली. हौशीरामला घास गोड लागेना. माणसाच्या नावाला डाग लागला तर माणूस चार लोकांत उभा राहून बोलतो. घोडीनं कुठं बोलायचं?

अशात कळलं की शिरूरला कुणी मंत्री येणार आहेत. हौशीरामच्या डोक्यात मंत्री म्हणजे मोठा सरपंच होता. सरपंच जसा नळाचंही बघतो, दिव्याचंही बघतो आणि भांडणंही मिटवतो, तसं मंत्र्यानं सगळं बघायचं. फेटा बांधून तो एसटीनं शिरूरला गेला. मैदानावर मांडव होता, शाळांची मुलं रांगेत उभी होती. हौशीराम पोलिसांच्या हाताखालून वाकून थेट मंत्र्यांसमोर पोहोचला आणि त्यानं पूल, कठडा, ट्रॅक्टर, घोडी सगळं एका दमात सांगून टाकलं.

मंत्र्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, तुमचं सगळं खरं असेल. पण कालवा माझ्याकडं नाही. मी खेळांचा मंत्री आहे."

पण हौशीराम मागं हटणारा नव्हता. "तसं बघितलं साहेब, तर घोडीनं लांब उडीच मारलीया."

मंत्री हसले, बाजूचे हसले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. हौशीरामच्या हातात एक गुलाबाचं फूल पडलं आणि तो परतीच्या एसटीत बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाळासोला गाठलं. बाळासो वस्तीतलाच, आमदारांचा पीए. पांढरा शर्ट, दोन मोबाईल, आणि बोलताना कायम कुठंतरी निघालेला. त्या दिवशी त्याच्या गाडीचं पंक्चर काढायचं चाललं होतं म्हणून हौशीरामला तो निवांत सापडला.

"आबा, तुम्ही चुकीच्या दारात गेला," बाळासो म्हणाला. "मुख्यमंत्री सगळ्या मंत्र्यांना खाती वाटून देतात. पाणी एकाकडं, रस्ते दुसऱ्याकडं, शाळा तिसऱ्याकडं. मोठ्या मंत्र्याच्या हाताखाली राज्यमंत्री. ज्याचं खातं त्यानं बघायचं."

"मग आमचा पूल कुणाकडं?"

बाळासोनं डोकं खाजवलं. "पूल चारीवरचा, म्हणजे पाण्याच्या खात्याचा. पण वरून जातो तो रस्ता, तो रस्त्याच्या खात्याचा."

"आन् कठडा?"

"तीच तर गोम हाय आबा. कठडा पुलाचा धरायचा का रस्त्याचा, हे चाळीस वर्षांत कुणी ठरवलेलं नाही."

"मग मंत्री येऊन ठरवंल की."

"मंत्री येत नसतो. काम खातं करतं, अधिकारी करतात. मंत्री त्याचा जाब देतो."

"कुणाला?"

"विधानसभेला. आपले आमदार प्रश्न विचारणार, मंत्र्यानं सगळ्यांसमोर उभं राहून उत्तर द्यायचं. तिथं त्याला 'मला माहीत नाही' म्हणून सुटता येत नाही."

हौशीरामनं हे नीट मनात बसवून घेतलं. "म्हंजी कठडा बसवायचा अभियंत्यानं, आन् न्हाई बसवला तर बोलणी खायची मंत्र्यानं?"

"बरोबर."

"मग मंत्री व्हायला लोक एवढी का धडपडत्यात?"

बाळासोनं दोन्ही मोबाईल खिशात टाकले. "हे मी साहेबांना विचारून सांगतो," तो म्हणाला. पंक्चर निघालं आणि तो गेला.

आमदारांना मात्र पुलाची खरंच पडली होती, कारण त्यांचीही गाडी एकदा तिथं एका चाकावर आली होती. त्यांनी विधानसभेत तारांकित, म्हणजे तोंडी उत्तर द्यावं लागेल असा प्रश्न टाकला. मग एक दिवस पाण्याच्या खात्याचा एक तरुण अभियंता चौकशीला आला. त्यानं पूल मोजला, फोटो काढले आणि हौशीरामच्या ओट्यावर बसून विचारलं, "तुम्ही आणि घोडी दोघंही पडलात, बरोबर?"

"न्हाई साहेब. मी पडलो. घोडी पडली न्हाई, ती उतरली. हे नीट ल्याहा."

अभियंत्यानं नीट लिहून घेतलं. हौशीरामला बरं वाटलं. निदान सरकारदरबारी तरी खरं गेलं.

ते सरकारदरबारी किती टेबलांवरून फिरलं देव जाणे. मध्येच मंत्रिमंडळात फेरबदल झाला आणि पाण्याचं खातं एका मंत्र्याकडून दुसऱ्याकडं गेलं. टीव्हीवर शपथविधी दाखवत होते. हौशीराम कपाळाला हात लावून बसला. "आता ह्या नव्या गड्याला पयल्यापासनं सांगाया लागणार."

"काही नाही लागत," बाळासोनं फोनवर सांगितलं. "माणूस बदलला, खातं तेच. जुन्यानं केलेलं, न केलेलं, सगळं नव्याच्या अंगावर."

"म्हंजी सुनंसारखं," रतनबाई चुलीजवळून म्हणाली. "सासूनं करून ठिवल्यालं समदं तिनंच निस्तरायचं."

मार्चमधे अधिवेशनात प्रश्नाचा नंबर लागला, पण त्या दिवशी सभागृहात गोंधळ झाला आणि प्रश्न तोंडी आलाच नाही. लेखी उत्तर तेवढं छापून आलं. बाळासोनं त्याचा फोटो बोरमळ्याच्या ग्रुपवर टाकला. विचारलं होतं, की पुलास कठडा नसल्याने श्री. हौशीराम कोळपे हे घोडीसह पाण्यात पडले, हे खरे आहे काय. असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली. नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तर होतं, 'हे अंशतः खरे आहे. बाब तपासून पाहण्यात येत आहे. प्रश्न उद्भवत नाही.'

संध्याकाळपर्यंत बोरमळ्यात हसण्याचा पूर आला. पारावर चर्चा सुरू झाली. अंशतः म्हणजे किती? अर्धा हौशीराम पडला का अर्धी घोडी? कमरेपर्यंत पडला असेल. कोणी म्हणालं, सरकार उगाच म्हणत नाही, काहीतरी खोटं असल्याशिवाय अंशतः कशाला लिहितील? म्हातारा मुळात पोहायलाच उतरला असेल. हौसरावांनी ते उत्तर मोबाईलमधे जपून ठेवलं आणि गिऱ्हाईक आलं की दाखवायला सुरुवात केली. "सरकार म्हणतंय घोडी पडली. आता आम्ही काय बोलणार?"

हौशीरामला हे फार लागलं. त्यानं खरं सांगितलं म्हणून उत्तर अंशतः झालं होतं, आणि उत्तर अंशतः झालं म्हणून तो खोटा ठरला होता.

"बाळासो," तो म्हणाला, "कुठला भाग खरा आन् कुठला खोटा, एवढं सरकारनं फोडून सांगावं. मला दुसरं काय बी नको. कठडा बी नको."

"कठडा नको कसा म्हणता आबा? साहेबांनी त्यासाठी लक्षवेधी सूचना लावलीय पावसाळी अधिवेशनात. तुम्ही चला मुंबईला. बघा तरी सरकार कसं उत्तर देतं."

अशा रीतीनं हौशीराम कोळपे जरीचा फेटा बांधून विधानभवनाच्या दारात उभा राहिला. तिथं त्याची काठी काढून घेतली, तंबाखूची चंची काढून घेतली, मोबाईल काढून घेतला. आत टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही, पायावर पाय टाकून बसायचं नाही, असं एका गणवेशातल्या माणसानं बजावलं. हौशीरामनं मान डोलावली. त्याचे गुडघे तसेही एकमेकांवर चढत नव्हते.

प्रेक्षक गॅलरी उंचावर होती. खाली गोल आकारात बाकं, एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला विरोधक, मध्ये उंच आसनावर अध्यक्ष. जो उठेल तो "अध्यक्ष महाराज" म्हणून सुरुवात करत होता.

"हे महाराज कुठल्या मठाचे?" हौशीरामनं हळूच विचारलं.

"आबा, ते सभागृहाचे अध्यक्ष. गप बसा," बाळासो कुजबुजला.

"आन् पाण्याचं मंत्री कुठं हायत?"

"ते वरच्या सभागृहात आहेत, विधान परिषदेत. आज इथं राज्यमंत्री उत्तर देणार. बघा, ते उठले."

हौशीरामनं वाकून पाहिलं. उठलेला माणूस पस्तिशीचाही नसावा. शर्टाची बाही सारखी करत होता, आणि फाइलमधे बोट घालून पान धरलं होतं. त्याच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यातल्या कक्षात अधिकारी बसले होते. तिथून एक चिठ्ठी निघाली आणि हातोहात मंत्र्यापर्यंत पोहोचली. हौशीरामला आपल्या शाळेतली परीक्षा आठवली.

आमदारांनी एकच विचारलं. "कठडा कुणाचा?"

"अध्यक्ष महाराज," राज्यमंत्री म्हणाले, "पूल आमच्या विभागाचा आहे. परंतु त्यावरील रस्ता दुसऱ्या विभागाकडे असल्याने कठड्याबाबत त्या विभागाशी पत्रव्यवहार सुरू आहे."

समोरच्या बाकांवरून आवाज उठला. "सरकार एक आहे का दोन? मंत्रिमंडळात तुम्ही शेजारी बसता ना? मग पत्रं कसली पाठवता?"

अध्यक्षांनी हात वर केला. "मंत्री महोदय, सभागृहाला सरकारचं उत्तर पाहिजे, विभागाचं नको. निर्णय कुणीही घ्या, जबाबदारी सगळ्यांची आहे."

गॅलरीत बाळासोनं हौशीरामच्या कानात सांगितलं, "आत बैठकीत मंत्री एकमेकांशी कितीही भांडोत, इथं सगळ्यांचं तोंड एक. एकाचा निर्णय तो सगळ्यांचा."

"म्हंजी सोयरिकीच्या बैठकीत भावकी बसती तशी," हौशीराम म्हणाला. ते त्याला चटकन समजलं.

राज्यमंत्र्यांनी घाम पुसला, नवी चिठ्ठी उघडली आणि वाचायला सुरुवात केली. "सदर घटनेबाबत, अध्यक्ष महाराज, शेतकरी घोडीसह पडल्याचे अंशतः..."

"घोडी पडली," विरोधी बाकावरून कोणीतरी ओरडलं, "आता सरकार कधी पडणार?"

सगळं सभागृह हसलं. सरकारकडचे लोकही हसले. गॅलरीतले हसले. आणि हौशीराम कोळप्याच्या कानशिलात आग पेटली. गावात हसले ते हसले, आता सगळ्या राज्याचे कारभारी पाखरीला हसत होते. तो कधी उठला हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

"अध्यक्ष महाराज!" पाटसच्या बाजारात शेळ्यामेंढ्यांच्या गोंगाटावर चढणारा आवाज होता तो. "घोडी पडली न्हाई! मी पडलो! ती मला काढाया उतरली!"

सगळ्या माना वर वळल्या. मग अध्यक्षांचा आवाज कडक झाला, दोन सुरक्षारक्षक दोन्ही बाजूंनी आले आणि त्यांनी हौशीरामला काखेत धरून अलगद उचललं. बाळासो बाकाखाली काहीतरी शोधत असल्यासारखा वाकला होता.

हौशीरामला एका खोलीत बसवलं. सभागृहाचा अवमान म्हणजे काय, त्याला शिक्षा काय होऊ शकते, हे एका अधिकाऱ्यानं समजावून सांगितलं. "पुन्हा करणार नाही, असं म्हणा," तो म्हणाला.

"पुन्यांदा कशाला करीन? जे सांगायचं ते सांगून झालं," हौशीराम म्हणाला. अधिकाऱ्याला हे पुरेसं वाटलं.

आत काय घडलं ते त्याला नंतर बाळासोकडून कळलं. अध्यक्षांनी हुकूम दिला, की प्रेक्षकाचं बोलणं कामकाजातून काढून टाकावं. ते काढलं गेलं. मग तरुण राज्यमंत्र्यांनी हातातली चिठ्ठी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "अध्यक्ष महाराज, मागील लेखी उत्तरात दुरुस्ती करतो. शेतकरी पडले हे खरे आहे. घोडी पडलेली नाही. कठडा नसल्याची जबाबदारी सरकारची आहे आणि या घटनेबद्दल मी दिलगिरी व्यक्त करतो. दोन्ही विभागांचे अधिकारी एकत्र जाऊन पाहणी करतील आणि कठडा बसेल." त्यामुळं आजही कोणी त्या दिवसाचं कामकाज वाचलं, तर त्याला वाटेल की विरोधकांनी सरकार पाडायची भाषा केली आणि त्यावर मंत्री एकाएकी, कोणी न विचारता, घोडी पडली नाही म्हणून सांगू लागले.

हौशीरामची काठी आणि चंची परत मिळाली तेव्हा लांबच्या कॉरिडॉरमधून तेच राज्यमंत्री येताना दिसले. मागं माणसांचा घोळका, फायली, मोबाईल. फेटा बघून ते थांबले.

"आबा, तुम्हीच ना ते?"

हौशीरामनं हात जोडले. आता आणखी ऐकून घ्यावं लागणार असं त्याला वाटलं.

"तुम्हाला लागलं होतं का हो?"

हे पेपरवाल्यानं विचारलं नव्हतं, अभियंत्यानं विचारलं नव्हतं, पारावर हसणाऱ्यांनीही नाही. घोडीच्या नादात त्याचं त्यालाही सुचलं नव्हतं.

"गुडघा धरतो अजून," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला. "साहेब, एक इचारू? त्यो पूल बांधला तवा तुम्ही जलमला तरी व्हता का?"

"नाही."

"कवा बघितला तरी?"

"नाही."

"मग तुम्ही कशापायी माफी मागितली?"

मंत्र्यांनी बाही सारखी केली. "आबा, खुर्चीवर सध्या मी आहे ना. मी नाही तर कोण मागणार?" कोणीतरी त्यांच्या कानाशी लागलं आणि घोळका पुढं सरकला.

परतीच्या एसटीत लोणावळा मागं पडल्यावर हौशीराम म्हणाला, "बाळासो, त्या पोराच्या घरी कोण कोण हाय?"

"कुठल्या पोराच्या?"

"त्या मंत्र्याच्या. दिसभर लोकांची बोलणी खातंय, येळंवर जेवत असंल का?"

राज्यमंत्र्यांच्या त्या निवेदनाची बातमी बबनरावांनी पेपरात दिलीच, वर त्याची क्लिप हॉटेलच्या टीव्हीवर दिवसभर लावून ठेवली. 'घोडी पडलेली नाही' हे मंत्र्यांच्या तोंडून विधानसभेत ऐकल्यावर कुणाची काय बिशाद? नवरदेवांचे मामा पुन्हा फोन करू लागले. एकानं तर विचारलं, "ती विधानसभेतली घोडी तुमचीच का?" हौसरावांनी मोबाईलमधलं जुनं उत्तर पुसून टाकलं आणि काळ्या घोड्याला नवीन दोन गाण्यांवर नाचायला शिकवलं.

कठडाही आला. दोन्ही खात्यांचे अधिकारी एकाच गाडीतून आले, हे बोरमळ्यानं पहिल्यांदाच पाहिलं. पुलावर उभं राहून बराच वेळ चर्चा झाली आणि मग ठरलं, की उगवतीकडचा कठडा पाण्याच्या खात्यानं बांधायचा आणि मावळतीकडचा रस्त्याच्या. पहिला सिमेंटचा झाला, पांढऱ्या रंगाचा, कमरेएवढा. दुसरा लोखंडी पाइपांचा, पिवळे-काळे पट्टे, छातीएवढा. कुणी नवखा माणूस पुलावर आला की आधी एका बाजूला बघतो, मग दुसऱ्या बाजूला, आणि मग हळू चालायला लागतो. त्यामुळं तिथं आता ट्रॅक्टरसुद्धा बेतानं जातात.

कठडा झाल्यावर पहिली वरात निघाली तेव्हा हौशीराम पुलावर थांबला. पाखरी नटलेली होती, वर नवरदेव होता, मागं वाजंत्री. रतनबाई वरातीतल्या बायकांत होती, ती पुढं आली.

"आता काय थांबलाय? मुहूर्त टळंल."

"बघतोय, कुठल्या खात्याच्या कडंनं जावं."

"मधनं जावा," रतनबाई म्हणाली आणि तिनं त्याच्या मनगटावरचा दाव्याचा वेढा स्वतःच्या हातानं सोडवला.